इटलीच्या डोंगरगावांतून एका दिवसाची पायपीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं टस्कनी आणि उंब्रिया या मध्य इटलीतल्या दोन प्रांतांना धरून आहेत. मुक्काम एका गावात, सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं आणि पाठीवर फक्त दिवसभराची पिशवी, अशा चालण्याबद्दलच इथे लिहिलं आहे.

सुरुवात कुठून करायची? आधी वाट ठरवायची की मुक्काम?

आधी बस. जवळजवळ सगळे उलटं करतात: नकाशावर सुंदर वाट शोधतात, मग हॉटेल घेतात आणि शेवटी परतीची बस शोधायला बसतात. तेव्हा कळतं, की शेवटची बस दुपारीच गेलेली असते किंवा त्या दिवशी बसच नसते. डोंगरगावं जोडणाऱ्या बस पर्यटकांसाठी नाहीत, शाळेच्या मुलांसाठी आणि नोकरदारांसाठी आहेत. त्यांच्या वेळाही तशाच असतात.

म्हणून एक रीत पाळा. सकाळी बसने किंवा रेल्वेने लांबच्या टोकाला जा आणि मुक्कामाच्या दिशेने चालत या. मग कितीही रेंगाळा, शेवटची गाडी चुकण्याची धास्ती नाही. मोंतेरिज्जोनी ते सिएना ही सुमारे २० किलोमीटरची वाट हे याचं उत्तम उदाहरण. मुक्काम सिएनात ठेवायचा, सकाळच्या बसने मोंतेरिज्जोनीच्या पायथ्याशी उतरायचं, १४ बुरुजांचा तो तट बघायचा (सिएनाने तो १२१३ ते १२१९ या काळात फ्लोरेन्सला शह द्यायला बांधला) आणि चालत घरी यायचं.

वेळापत्रकात "फेरियाले", "फेस्तिवो", "स्कोलास्तिको" असं लिहिलेलं असतं. म्हणजे काय?

फेरियाले म्हणजे सोमवार ते शनिवार. शनिवार यात धरला जातो, हे विसरू नका. फेस्तिवो म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्ट्या. त्या दिवशी बऱ्याच मार्गांवर बस एक-दोन असतात किंवा अजिबात नसतात. स्कोलास्तिको लिहिलेली बस फक्त शाळा चालू असताना धावते. शाळा जूनच्या मध्याच्या सुमारास बंद होऊन सप्टेंबरच्या मध्यावर उघडतात, शिवाय नाताळ आणि ईस्टरची सुट्टी असते. वेळापत्रकात बस दिसते, थांब्यावर येत नाही, याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

२५ एप्रिल, १ मे, २ जून, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर या तारखा सुट्टीच्या धरून चाला. दौऱ्यातला रविवार चालण्यासाठी ठेवायचा असेल तर गोल वाट घ्या, म्हणजे बसचा प्रश्नच येत नाही.

टस्कनीत प्रादेशिक बससेवा आउतोलिनेए तोस्काने ही कंपनी चालवते. तिकीट आधी घ्या: "ताबाक्की" म्हणजे तंबाखूच्या दुकानात (बाहेर मोठा टी लावलेला असतो) किंवा कंपनीच्या ऍपवर. कागदी तिकीट असेल तर चढल्यावर यंत्रात छाप उठवायचा. प्रादेशिक रेल्वेच्या कागदी तिकिटावरही फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर दंड होतो आणि "माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

"शोपेरो" म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो आणि बऱ्याचदा शुक्रवारी असतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. बसच्या अशा वेळा गावागणिक वेगळ्या असतात.

स्टेशनचं नाव गावाचंच आहे, मग गाव कुठे आहे?

वर. जुनी गावं संरक्षणासाठी टेकड्यांवर वसली आणि रेल्वे एकोणिसाव्या शतकात सपाटीवरून गेली. मोंतेपुल्चानो नावाचं स्टेशन गावापासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. तिथे उतरून "चालत जाऊ" म्हणणाऱ्याचा दिवस तिथेच संपतो. त्यासाठी क्युझी स्टेशनला उतरून बस घेणं जास्त सोयीचं. सान जिमिन्यानोला रेल्वे नाहीच, पोज्जीबोन्सीहून बस घ्यावी लागते. असिसीचं स्टेशन खाली सान्ता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे, तिथून वर बस जाते. ओर्व्हिएतोची सोय सर्वांत चांगली: स्टेशनसमोरूनच दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर कड्यावर नेते.

याचा चालण्याशी थेट संबंध आहे. दिवसाचा शेवट गावात होणार असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात चढ असणारच. ती ताकद राखून ठेवा.

सह्याद्रीत गड चढणाऱ्याला हे सोपं जाईल ना?

चढाच्या दृष्टीने, हो. कातळातल्या पायऱ्या नाहीत, घसारा क्वचित, दोर लागत नाही. पण दोन गोष्टी अंगावर येतात. एक म्हणजे सावली. दक्षिण टस्कनीतल्या ऑर्चा खोऱ्यात (पिएन्झाच्या आसपासचा भाग) गव्हाची उघडी शेतं आणि पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते आहेत. सरूची झाडं फोटोत भरगच्च दिसतात, पण त्यांची सावली हातभर. दुसरी गोष्ट लांबी. गडावर तीन तास चढून बसायला मिळतं, इथे १५ ते २० किलोमीटर सतत चढउतार चालू राहतात आणि दम नव्हे, तळपाय आधी संपतात.

वेळेचा हिशोब कसा करायचा?

सपाटीला ताशी ४ किलोमीटर धरा आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं वाढवा. त्यात जेवण, फोटो, पाणी यांचे दीड तास मिळवा. पाट्यांवर जो वेळ लिहिलेला असतो तो न थांबता चालणाऱ्याचा.

पिएन्झा ते मोंतिक्केल्लो ते मोंतेपुल्चानो ही वाट घेऊ. अंतर सुमारे १५ किलोमीटर. पिएन्झा ४९१ मीटरवर, मोंतेपुल्चानो ६०५ मीटरवर. फरक ११४ मीटर बघून लोक निर्धास्त होतात. पण प्रत्येक गाव टेकडीवर आहे, त्यामुळे दोनदा खोऱ्यात उतरून दोनदा चढावं लागतं आणि एकूण चढ चार-पाचशे मीटरच्या घरात जातो. म्हणजे अंतराचे पावणेचार तास, चढाची पाऊण तास भर आणि थांबे. सहा तास झाले. सकाळी ९ ला निघालात तर ३ वाजता पोचाल.

मुक्काम मोंतेपुल्चानोत ठेवून सकाळी बसने पिएन्झाला जा. वाटेत मोंतिक्केल्लोच्या वेशीआतल्या दगडी गल्ल्यांत जेवणाची वेळ साधते. शेवटी खालून सान बियाजोचं देऊळ दिसतं, फिकट पिवळ्या दगडाचं, गवतावर एकटं उभं. आंतोनियो दा सांगाल्लो थोरल्याने ते १५१८ पासून बांधायला घेतलं. तिथे पोचल्यावर "आलंच गाव" असं वाटतं. आलेलं नसतं. सरूंच्या रांगेतून वर जाणारा खडा रस्ता अजून बाकी असतो, त्यामुळे देवळाच्या गवतावर दहा मिनिटं पाय पसरून मगच चढा.

आणखी कोणत्या वाटा पहिल्यांदा जाणाऱ्याला जमतील?

सान क्वीरिको ते पिएन्झा, व्हितालेताच्या छोट्या चॅपेलवरून, साधारण १० ते ११ किलोमीटर. कॅलेंडरवर दिसतं ते हेच चॅपेल. पिएन्झा मुळात कोर्सिन्यानो नावाचं खेडं होतं. तिथे जन्मलेल्या पोप पायस दुसऱ्याने १४५९ पासून वास्तुकार रोस्सेल्लीनोकडून ते नव्याने बांधून घेतलं. त्यामुळे गाव लहान आणि चौक दरबारी, असं चमत्कारिक दृश्य दिसतं.

सान क्वीरिको ते बान्यो व्हिन्योनी, साधारण ५ ते ६ किलोमीटर. या गावात मुख्य चौकाच्या जागी चौक नाहीच, गरम पाण्याचा चिरेबंदी तलाव आहे. त्यात उतरायला बंदी आहे. मात्र ते पाणी पुढे कड्यावरच्या जुन्या पाणचक्क्यांकडे पाटांतून वाहतं आणि थकलेले पाय तिथे भिजवता येतात.

मोंताल्चिनो ते सान्तान्तिमोचा मठ, सुमारे १० किलोमीटर, बराचसा उतार. परतीच्या बस फार थोड्या, रविवारी तर गृहीतच धरू नका. टॅक्सी आधी सांगून ठेवा. रस्त्यात हात करून टॅक्सी मिळत नाही.

उंब्रियात असिसी ते स्पेल्लो, सुबासियो डोंगरावरून. १६ ते १८ किलोमीटर. यादीतली ही सगळ्यात दमदार वाट आणि आमच्या मते सगळ्यात चांगलीही, कारण दोन्ही टोकांना रेल्वे आहे आणि परतीचा रेल्वेप्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. असिसी ४२४ मीटरवर, माथा १,२९० मीटरवर. चढ सुमारे ९०० मीटर आणि मग त्याहून जास्त उतार. वाटेत ७९१ मीटरवर संत फ्रान्सिसची एकांताची जागा आहे, एरेमो देल्ले कार्चेरी. तिथपर्यंत टॅक्सीने गेलात तर साडेतीनशे मीटर वाचतात. माथा म्हणजे बोडकं गवताळ पठार. धुकं आलं की दिशा कळत नाही, उन्हाळ्यात दुपारनंतर वीज पडायचा धोका असतो. दुपारी एकच्या आत माथा सोडायचा. स्पेल्लोकडचा उतार चुनखडीच्या सुट्या दगडांचा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर काठ्या याच उतारासाठी लागतात.

कोणता महिना चांगला? फोटोतली हिरवळ कधी असते?

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. गहू हिरवा असतो, मेमध्ये बांधावर लाल पॉपी फुलतात. जूनच्या शेवटी तेच शेत सोनेरी होतं, जुलैत कापणी उरकून नांगरलेली करडी ढेकळं उरतात. ऑगस्टमध्ये हिरवी टस्कनी बघायला जाणाऱ्याच्या पदरी नांगरट आणि ३५ अंशांचं ऊन पडतं. सप्टेंबर आणि ऑक्टोबर चालायला उत्तम: द्राक्षांची तोडणी, मऊ ऊन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. विजेरी तेव्हा पिशवीत हवीच.

पाऊस पडून गेल्यावर चालता येतं का?

खडीच्या रस्त्यावर येतं, शेतातल्या वाटेवर येत नाही. सिएनाच्या दक्षिणेची माती चिकणी आहे, तिला "क्रेते" म्हणतात. मराठवाड्यात किंवा विदर्भात पावसाळ्यात काळ्या रानातून चाललेल्याला वेगळं सांगायला नको: प्रत्येक पावलाला बुटाखाली एक थर चढतो, दहा पावलांत बूट दोन किलोचा होतो, तळव्याच्या खाचा भरून जातात आणि उतारावर पाय साबणावर ठेवल्यासारखा सरकतो. महागडे बूट यावर उपाय नाहीत. जोरदार पावसानंतर एक पूर्ण कोरडा दिवस जाऊ द्या. तोवर गावं बघा किंवा डांबरी आणि खडीच्या रस्त्यांची वाट जोडा. काही वाटा ओढ्यातून जातात, नकाशावर तिथे "ग्वादो" लिहिलेलं असतं. ओढा गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर मागे फिरा.

वाटेच्या खुणा कशा ओळखायच्या?

इटलीच्या डोंगरी क्लबच्या (क्लुब आल्पीनो इतालियानो, पाट्यांवर CAI, स्थापना १८६३) वाटांवर झाडांवर आणि दगडांवर लाल-पांढरे पट्टे असतात, सोबत वाटेचा क्रमांक. पाटीवर टी असेल तर सोपी वाट, ई म्हणजे नेहमीची डोंगरवाट, ईई म्हणजे अनुभवी लोकांसाठी. पहिल्या दौऱ्यात ईईच्या वाटेला जाऊ नका. कँटरबरीहून रोमला जाणाऱ्या व्हिया फ्रान्चिजेना या जुन्या यात्रामार्गावर काठी-गाठोडं घेतलेल्या यात्रेकरूचं चित्र दिसतं. वरच्या वाटांपैकी काही ठिकाणी हाच मार्ग पायाखाली असतो.

दहा मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत या. "पुढे मिळेल" म्हणून रेटणारे द्राक्षमळ्याच्या कुंपणाशी जाऊन अडकतात.

मोबाइलचा नकाशा पुरतो का?

गुगलचा पायी मार्ग बऱ्याचदा डांबरी रस्त्यावरून नेतो, तो टाळा. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित ऍपमध्ये (कोमूट वगैरे) वाट आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवा. किती किलोमीटर डांबरी आणि किती कच्चा, हे तिथे दिसतं. खोऱ्यात रेंज जाते. सोबत १:२५,००० चा कागदी नकाशा आणि पॉवर बँक ठेवा.

डांबरी रस्त्यावर यावंच लागलं तर डाव्या कडेने चाला. इटलीत गाड्या उजवीकडून धावतात, म्हणजे डावीकडे चालताना त्या समोरून दिसतात. वळणावर आतल्या बाजूला मात्र थांबू नका, तिथे चालकाला तुम्ही दिसत नाही.

शेतातून वाट जाते. मालक अडवेल का?

खूण असलेल्या वाटेवर असाल तर नाही. फाटक उघडलंत तर मागे बंद करा. "प्रोप्रिएता प्रिव्हाता" म्हणजे खाजगी जमीन. खुणा तरीही पुढे जात असतील तर वाटेवरूनच चाला. सरूंच्या प्रसिद्ध झुपक्यांपर्यंत फोटोसाठी गव्हातून घुसू नका. तुडवलेला गहू कापणीयंत्रात येत नाही आणि शेतकरी काय बोलेल ते समजायला इटालियन यावी लागत नाही.

शिकारीचा मोसम धोकादायक असतो का?

शिकारीचा मोसम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर असतो. मंगळवार आणि शुक्रवारी शिकार बंद असते, तेव्हा जंगलातल्या वाटा त्या दोन दिवसांवर टाका. रानडुकरांच्या हाक्याच्या दिवशी वाटेच्या तोंडाशी पाटी लावतात: "काच्चा आल चिंगिआले". ती दिसली की दुसरी वाट धरायची. ऑक्टोबरपासून अंगावर भगवा किंवा पिवळाधमक रंग ठेवा. खाकी आणि हिरवा टीशर्ट घरी राहू द्या.

कुत्री?

फार्महाउसची कुत्री भुंकतात, बहुधा साखळीला असतात. मेंढ्यांजवळची पांढरी, मोठी मारेम्मानो जातीची कुत्री वेगळी: ती कळपाची राखण करतात. कळप आणि कुत्रा यांच्या मध्ये जाऊ नका, पळू नका, काठी उगारू नका, लांबून वळसा घ्या.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

गावात पोचलात तर प्रश्न नाही. पीची आल्लाल्योने हा हातावर वळलेल्या जाड शेवयांचा, टोमॅटो-लसणाचा पदार्थ ऑर्चा खोऱ्यात सगळीकडे मिळतो. उंब्रियात तोर्ता आल तेस्तो, जाडसर भाकरीसारखी तव्यावरची पोळी, पालेभाजी भरून मागा. रिबोल्लिता या कडधान्य-कोबी-पावाच्या दाट रश्शाला नुसतं "व्हेज आहे का" विचारून भागत नाही, "सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने" म्हणा: मांस नको, मांसाचं पाणीही नको. पिएन्झाचं पेकोरीनो चीज मेंढीच्या दुधाचं. त्यात प्राण्यांच्या पोटातून काढलेलं विरजण (रेनेट) असू शकतं, अस्सल पार्मेझानमध्ये तर असतंच, कडक पाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण वाटेवर टपरी नसते. किराणा दुकान म्हणजे "आलिमेंतारी" दुपारी एकच्या सुमारास बंद होतं आणि चारनंतर उघडतं. हॉटेलातलं जेवण साडेबारा ते अडीच, नंतर स्वयंपाकघर बंद. म्हणून सकाळी निघतानाच पाव, चीज, टोमॅटो, फळं घ्या. टस्कनीचा पाव अळणी असतो, पहिल्या घासाला बिघडलेला वाटतो. घरून शेंगदाण्याची चटणी नेली असेल तर तिचं चीज इथे होतं. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नका: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पाणी किती?

माणशी दोन लिटर, जून ते सप्टेंबर तीन. गावात सार्वजनिक नळ असतात, तेवढ्यावर भरा. "नोन पोताबिले" लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही.

आई-बाबांना घेऊन जायचं आहे.

स्पेल्लो ते कोल्लेपीनो या रोमन जलवाहिनीच्या कडेच्या वाटेने जा. एका बाजूला ५ किलोमीटरच्या आसपास, चढ सौम्य, ऑलिव्हच्या बागा. वाटेल तिथून परत फिरता येतं. दुसरा पर्याय पिएन्झाच्या तटाखालचं कोर्सिन्यानोचं जुनं रोमनेस्क देऊळ: खाली उतरायला पंधरा मिनिटं, चढून यायला पंचवीस. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, म्हणून पिशवीत एक ओढणी ठेवा.

गाडी भाड्याने घेतली तर सोपं होईल?

बस सुटते, पण गाडी वाटेच्या सुरुवातीलाच राहते, म्हणून मग गोल वाटाच घ्याव्या लागतात. गावांच्या जुन्या भागात "झेड-टी-एल" हा मर्यादित वाहतुकीचा पट्टा असतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो. गाडी तटाबाहेर लावा: पांढऱ्या रेषांत फुकट, निळ्यांत पैसे, पिवळ्या राखीव. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा.

वाटेत काही झालं तर?

११२ लावा. "व्हेअर आर यू" हे मोफत ऍप आधीच घेऊन ठेवलं तर फोन करताना तुमची जागा आपोआप पोचते. उंच गवतातून आल्यावर पोटऱ्यांना आणि गुडघ्यामागे गोचीड बघा. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची, तेल लावायचं नाही. विषारी व्हायपर दगडी बांधांवर ऊन खात पडलेला असतो, हात टेकण्याआधी बघा.

व्हिसाच्या अर्जात या चालण्याचं काय लिहायचं?

नेहमीचा पर्यटक शेन्गेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. कार्यक्रमपत्रिकेत रोजची वाट नको, मुक्कामाची गावं आणि तारखा पुरेत. एकाच गावात चार रात्री राहणार असाल तर आसपासच्या दोन-तीन गावांची नावं आणि "बसने जाऊन चालत परत" एवढं लिहा, म्हणजे चार दिवस एका खेड्यात काय करणार, हा प्रश्न उरत नाही.